पन्हळ

दस्तगीर शिकलगारांनी बूट उलटा धरला,
चाकाच्या बटणाकडे हात नेला,
तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच:
एक धार नको चाचा, दोन.
आणि दोन्हींच्या मधे पन्हळ.

ते थांबले.
बोहरी आळीतल्या त्या अरुंद गाळ्यात
न्हाव्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे,
कुठल्याशा केटररची विळ्यांची चवड.
"कापायचं काय आहे?"
काही नाही. उभं राहायचंय.

बर्फावर, म्हटलं.
खराडीला एका मॉलच्या तळघरात आहे,
लग्नाच्या हॉलएवढा.
वर मे महिना, चाळीस अंश,
खाली मी, अडतीस वर्षांची, स्वेटर घालून.
ते हसले नाहीत. चार बोटांत पातं तोलून बघितलं.
"वजन किती तुमचं?"

पहिल्या खेपेला पन्हळ खोल केली.
खोल म्हणजे तिखट, तिखट म्हणजे चांगली,
असं दोघांनाही वाटत होतं.
बर्फाने पाय धरला तो सोडेचना.
थांबायला गेले आणि पातं रुतलं,
मी तोंडावर.
बिनायफर मिस कठड्यावरून म्हणाल्या,
"स्केटिंग करते की नांगरते?"

दुसऱ्या खेपेला उथळ.
उजवा पाय खूश.
डावा मात्र बाहेरच्या काठावर टाकला की निसटायचा,
मोरीतल्या साबणाच्या वडीसारखा.
दोष पात्याचा, मी ठरवलं,
आणि शनिवारी पिशवी मांडीवर घेऊन
दोन बस बदलून पुन्हा त्यांच्या दारात.

त्यांनी गल्ल्यातून रुपया काढला,
दोन्ही काठांवर आडवा ठेवला,
एक डोळा मिटून त्याच्याखालचा उजेड पाहिला.
रुपया कलला होता. केसभर.
"माझी चूक," म्हणाले,
आणि चाकाला हात न लावता
निसण्यावर तासभर घासत बसले.
मधे एक गिऱ्हाईक कात्री घेऊन आलं, परत गेलं.

मग अंगठ्याचं नख काठावरून सावकाश ओढलं.
आतला काठ. बाहेरचा काठ. पुन्हा आतला.
"एक सांगू? राग नका मानू.
आतली बाजू मी लावली त्याच्या निम्मी उरलीय.
बाहेरची कोरी आहे.
तुम्ही हिच्यावर कधी उभ्याच राहिला नाहीत."

त्या घोट्यात दोन स्क्रू आहेत.
सिंहगड रोडची खडी, स्कूटर, सात वर्षं झाली.
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं,
मिसना नाही,
फॉर्मवर त्या रकान्यात रेघ मारली होती.

रविवारी सकाळी बर्फ नुकताच धुतलेला.
गुडघा वाकव, अजून, मिस म्हणत होत्या,
कंबरेतून नको झुकू, अख्खी झुक,
खांदा मागे सोडून ये, घाई काय आहे.
बाहेर झुकायचं म्हणजे
जिथे धरायला काही नाही तिकडे झुकायचं.
मी डाव्या पायाला म्हटलं, बघ बाबा.

आणि पायाखाली काहीतरी लागलं.
लागलं म्हणजे रुतलं नाही, सुटलंही नाही.
एक बारीक रेघ वळत गेली,
मी तिच्यावर, तिच्या मागोमाग,
निम्म्या वर्तुळापर्यंत;
मग घाबरून दुसरा पाय टेकला.
वीतभर अलीकडे खरवडल्याची खूण आहे,
ती माझीच.

पुढच्या शनिवारी पिशवी पुन्हा गाळ्यावर ठेवली.
सवयीनेच.
चाचांनी चेन उघडलीसुद्धा नाही.
"आवाज कसा आला?"

मांजरपाट फाडताना येतो ना, म्हटलं, सरळ धाग्यावर. तसा.
थोडा वेळच.

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली,
कात्री उचलली,
"दिवाळीपर्यंत येऊ नका," म्हणाले.